पाणी प्यायलेली सुरी

पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने दिघी ओलांडली की भोसरीची एमआयडीसी लागते. उलट्या अंगाला खडकी, तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना. नदीपलीकडे मुंढव्यात भारत फोर्ज, इंजिनांचे क्रँकशाफ्ट घडवणारा. अशा शेजारात कुणाला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाजी चिरायची सुरी स्वतःच्या हाताने घडवावीशी वाटली, तर लोखंडासाठी वणवण करावी लागत नाही. ट्रकचा मोडका कमानपाटा, बेअरिंगची जुनी रिंग, बोथट झालेली कानस, सगळं भंगारात किलोवर मिळतं.

या वस्तूंची निवड नवशिक्यांनी शोधलेली नाही. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारा घिसाडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीपाशी बसलेला आणि बायको उभ्याने घण घालते आहे, हे दृश्य महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. कमानपाट्याचं पोलाद लवचीक, म्हणून त्याचा कोयता लाकडावर आपटला तरी तुटत नाही. बेअरिंगच्या पोलादाची तऱ्हा वेगळी. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, त्यामुळे ते जास्त कडक होतं आणि पातळ धार बराच काळ धरून ठेवतं. कांदा कागदासारखा चिरायचा असेल तर हे बरं, शहाळं फोडायला मात्र कोयताच हवा.

पण नुसतं चांगलं पोलाद असून भागत नाही. सुरीचा जन्म होतो तो पाणी देताना.

भट्टीत पातं आधी मंद लाल होतं, मग केशरी. रंगाचा अंदाज चुकू नये म्हणून शेजारी एक लोहचुंबक टांगलेला असतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं पुढे, ८०० च्या वर न्यायचं आणि भट्टीतून काढलं की कोमट तेलात सरळ बुडवायचं. तेल फसफसतं, वर ज्वाळा उठते. तिरकं बुडालं तर पातं वाकतं. तेलाऐवजी साध्या पाण्यात बुडवलं तर कधी कधी ‘टिंग्‌’ असा बारीक आवाज येतो आणि आठवडाभराची मेहनत तडकलेली असते. सगळं नीट पार पडलं की पात्यावर कानस ओढून बघायची. कानस चावली तर पातं मऊच राहिलं, काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाणी बसलं. मात्र हे पातं काचेइतकंच ठिसूळही असतं. म्हणून ते २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा तापवायचं. त्यासाठी केक भाजायचा ओव्हनही चालतो, फक्त घरातल्यांची परवानगी हवी.

‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, धार ‘पाजवतो’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, शस्त्रांच्या आठव्या अध्यायात, तापलेलं पातं बुडवण्याच्या क्रियेला ‘पायना’, म्हणजे पाजणं, असंच म्हटलं आहे. ती तीन प्रकारची: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाड कापायचं शस्त्र क्षारातलं, मांसासाठी पाण्यातलं, शीर टोचायला तेलातलं. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, ती टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी आणि कसोटी काय, तर शस्त्राने केस कापला गेला पाहिजे. आजचे सुरी घडवणारे नवी धार तपासायला मनगटावरची लव तासून बघतात. त्यांच्यापैकी अनेकांचा एक हात तुळतुळीत असतो.

महागड्या सुऱ्यांची पोलादं वेगळी: जपानचं व्हीजी-१०, किंवा मुळात दाढीच्या पात्यांसाठी बनवलेलं स्वीडनचं एईबी-एल. ही गंजायला सहसा तयार नसतात, पण त्यांना हजार अंशांच्या वरचं आणि काटेकोर तापमान लागतं. घरच्या कोळशाच्या भट्टीचं ते काम नाही, पाती हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात पाठवावी लागतात. परदेशी पातं आणि देशी मूठ ही जोडी मराठ्यांना नवी नव्हती. युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवली की ती ‘फिरंग’ व्हायची.

उलटा प्रवासही झाला. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिणेतल्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथला शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या इतका प्रेमात पडला की आपल्या दुकानाच्या जाहिरातीत तो ते युरोपातल्या उत्तम पोलादाहून सरस असल्याचं छापू लागला. पुढे त्याच्याबरोबर पोलादावर प्रयोग केले ते मायकेल फॅरडेने. आज ‘दमास्कस’ म्हणून विकली जाणारी लाटालाटांची पाती बहुधा वुट्झची नसतात. दोन पोलादांचे थर तापवून एकजीव करायचे, दुमडायचे आणि शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचे. साधा थर काळवंडतो, निकेलचा चमकत राहतो. नक्षी देखणी असते यात शंका नाही, पण टोमॅटोची साल ती कापत नाही. ते काम धारेचंच.

मुठीची हौस मात्र समजण्यासारखी आहे. पूर्वी ती अडकित्त्यावर भागवली जाई. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघावेत: पोपट, घोडे, मिठीतली जोडपी. सुपारी कातरायला यातलं काहीच लागत नाही. विळीच्या वाट्याला अशी चैन फारशी आली नाही, कारण विळी हातात नसते, पायाखाली असते. पातं जागेवर, भाजी हलते. ओटा उभा झाला, सुरी हातात आली आणि मुठीला महत्त्व आलं. शिसवी छान, पण ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात लाकूड फुगतं. म्हणून काही जण लाकूड निर्वात भांड्यात ठेवून त्यात राळ मुरवतात, मग पितळी खिळ्यांनी पात्याच्या शेपटाला जखडतात.

खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी. कार्बन पोलादाच्या नव्या सुरीने पहिल्यांदा कैरी चिरली की दहा मिनिटांत पात्यावर निळसर-करडे डाग उमटतात. सुरी देतानाच बजावलं नसेल, तर संध्याकाळी फोन ठरलेला: “अहो, तुमची सुरी खराब निघाली.” हा डाग म्हणजे गंज नव्हे, पात्यावर बसू लागलेला पातळ थर आहे, हे समजावून सांगेपर्यंत पलीकडे कुणीतरी तारेची घासणी हातात घेतलेली असते.