साखळी करवतीची उसळी : हात आवरण्याआधीच घ्यायची काळजी

शिरूर तालुक्यातील निमोणे आणि आसपासच्या गावांत उन्हाळ्यात शेते मोकळी झाली, की बांधावरच्या बाभळी-सुबाभळी छाटण्याची कामे निघतात. वळवाच्या वाऱ्याने एखादे झाड वाटेवर किंवा गोठ्यावर आडवे होते, तेही हटवावे लागते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडबरोबरच पुणे जिल्ह्यातही अनेक झाडे उन्मळून पडली होती. पूर्वी अशा कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत असे. आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘कटर’, घरोघरी दिसू लागला आहे. दिवसभराचे काम त्याने तासाभरात उरकते. मात्र कुऱ्हाड माणसाच्या बळावर चालते. करवत स्वतःच्या बळावर चालते आणि प्रसंगी चालवणाऱ्यावरच उलटते.

करवत का उसळते?

या यंत्रात लांब पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते. ती वरच्या कडेने पुढे जाते, टोकाशी वळते आणि खालच्या कडेने मागे येते. म्हणून खालच्या कडेने कापताना यंत्र लाकडाकडे ओढले जाते, तर वरच्या कडेने कापताना ते आपल्याकडे ढकलले जाते. तिसरा धक्का सर्वांत घातक आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला किंवा आड असलेल्या ओंडक्याला लागला, की दाते अडकतात, साखळीचा सारा जोर पट्टीला मिळतो आणि पट्टी वर उसळून चेहऱ्याकडे व मानेकडे येते. यालाच ‘किकबॅक’ म्हणतात. कापाची फट मिटून पट्टी चिमटली, तरी असा उलटा धक्का बसू शकतो.

‘माझ्या हातात ताकद आहे, मी दाबून धरीन’, असे अनेकजण म्हणतात. शरीरशास्त्राला हे मान्य नाही. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने आज्ञा देणे आणि स्नायूंनी ती पाळणे यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. उसळी त्याच्या साधारण निम्म्या वेळात पूर्ण होते. पूर्ण रेस दिलेली साखळी सेकंदाला वीसेक मीटर धावत असते. तेव्हा बचाव उसळीनंतर करता येत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो.

यंत्र सुरू करण्यापूर्वी

यंत्र जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावूनच सुरू करावे. पुढच्या मुठीसमोरची आडवी ढाल हा त्या ब्रेकचा दांडा असतो. उसळीत मनगट त्यावर आपटले किंवा जोराचा हिसका बसला, की साखळी थांबते. अडचण होते म्हणून ती ढाल काढणे किंवा बांधून ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. साखळी धारदार आणि योग्य ताणलेली असावी.

उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या मुठीवर आणि डावा अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला असावा. डावखुऱ्यांनीही हीच पकड ठेवावी. डावा हात कोपरात सरळ ठेवावा आणि किंचित डावीकडे उभे राहावे, म्हणजे डोके पट्टीच्या रेषेत येत नाही. खांद्याच्या वर, शिडीवरून किंवा एका हाताने कधीही कापू नये. नजर जितकी कापावर, तितकीच पट्टीच्या टोकावर हवी.

जाळीचे शिरस्त्राण, कानांचे संरक्षण, मजबूत बूट आणि शक्य असल्यास खास विजार वापरावी. या विजारीतील तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात. उपरणे किंवा लुंगी अंगावर नको. फांदी धरायला मुलाला किंवा घरच्या बाईला उभे करण्याची पद्धत तर तत्काळ बंद व्हावी. झाड पाडताना इतरांनी त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबावे.

जखम झालीच तर

जर्मनीतील बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास बनवलेली साखळीची करवत हाडे कापण्यासाठी होती. आजच्या यंत्रालाही हाड अडवत नाही. ही जखम सुरीसारखी सरळ नसते. मांस व रक्तवाहिन्या फाटतात, आत भुसा आणि तेल जाते.

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधावी. काठी घालून रक्त थांबेपर्यंत ती पिळावी आणि वेळ लिहून ठेवावी. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती सैल करू नये. तार किंवा सुतळी वापरू नये. मानेच्या जखमेवर केवळ दाब द्यावा. हळद, चुना, कॉफी काही भरू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लावू नये. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून जखमीला खाऊपिऊ घालू नये. १०८ क्रमांकावर तत्काळ फोन करावा. धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टर निर्णय घेतील.

शेतावरून रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ मोलाचा असतो. म्हणून करवत घेऊन एकट्याने शेतावर जाऊ नये. हाकेच्या अंतरावर एक जाणता माणूस, जवळ चार्ज केलेला फोन आणि दोन स्वच्छ पंचे, एवढे आहे की नाही, हे घरच्यांनी निघतानाच विचारावे.