खेळण्यातला सैनिक आणि पुरुषी शरीराचे माप

अमेरिकेत १९६४ साली ‘जी. आय. जो’ नावाचा खेळण्यातला सैनिक बाजारात आला. पुढे त्याच्या नवनव्या आवृत्त्या निघत गेल्या. हॅरिसन पोप हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी या बाहुल्यांची मापे घेतली व १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. बाहुला ५ फूट १० इंच उंचीचा माणूस असता, तर त्याच्या दंडाचा घेर किती भरला असता? १९६४ च्या सैनिकाचा सुमारे १२ इंच. १९९० च्या दशकातल्या एका आवृत्तीचा मात्र जवळजवळ २७ इंच!

तीस-पस्तीस वर्षांत माणसाचे शरीर असे बदलत नाही. बदलली ती ‘मर्द’ कसा दिसावा याची कल्पना. या कल्पनेपुढे धडधाकट मुलालाही आपण किरकोळ वाटू लागतो. काहींमध्ये ही भावना विकाराचे रूप घेते. पिळदार शरीराचा माणूसही आरशात स्वतःला काटकुळाच पाहतो. १९९७ साली या विकाराला ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव मिळाले.

या भीतीपोटी काही तरुण स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. त्यांचे पुढे काय होते? ही द्रव्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकासारखी असतात. रक्तात ती वाढली की मेंदूला वाटते, संप्रेरक पुरेसे आहे. मग पियूषिका ग्रंथीकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. काही स्टेरॉइडचे शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर होते. त्यामुळे मुलाची छाती स्तनांसारखी वाढू शकते. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांजवळची कूर्चा वेळेआधीच हाडात बदलते आणि उंची खुंटते. पुरुषी दिसण्यासाठी घेतलेले औषध नेमके पुरुषत्वावरच घाला घालते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना घरची पिळदार बाहुली आणायला सांगा. दोऱ्याने तिच्या दंडाचा घेर मोजा. समजा, बाहुली १४ सें.मी. उंच आणि घेर ५ सें.मी. आहे. १७५ सें.मी. उंचीच्या माणसासाठी साडेबारा पट करा. उत्तर येईल ६२.५ सें.मी. आता आपल्या मांडीचा घेर मोजा आणि तुलना करा.

गुणोत्तराचा धडा होईलच. पण ‘काडीपैलवान’ म्हणून ज्याला रोज हिणवले जाते, त्या मुलाला हेही कळेल की चूक त्याच्या शरीरात नसून त्याला लावलेल्या मापात आहे.