‘ओळखलंस का मला?’

लग्नकार्यात कोणी पाठीवर थाप मारून ‘ओळखलंस का मला?’ असं विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. हसून वेळ मारून नेता येते. पण तोच माणूस ‘आज मुक्काम आमच्याकडेच’ म्हणून हटून बसला तर? सी. प्रेम कुमार यांनी एवढ्याच पेचावर जवळजवळ तीन तासांचा तमीळ चित्रपट केला, सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला ‘मेय्यळगन’.

अरुळचं (अरविंद स्वामी) तंजावूरचं घर १९९६ साली भाऊबंदकीत जातं आणि कुटुंब मद्रास गाठतं. बावीस वर्षांनी तो बहिणीच्या लग्नाला नीडामंगलमला येतो, तेही तोंड दाखवून रात्रीच्या बसनं परतायच्या बोलीवर. मांडवात एक नातेवाईक (कार्ती) ‘अत्तान, अत्तान’ (आतेभावाला किंवा मेहुण्याला मारायची तमीळ हाक) करत त्याला चिकटतो. बस चुकते, आणि ज्याचं नावही आठवत नाही त्याच्याच घरी मुक्काम पडतो.

पुढे काय? जेवण, गप्पा, रात्रीची भटकंती. खलनायक नाही, हाणामारी नाही. आहे ती एक जुनी सायकल. घर सोडताना अरुळच्या माणसांनी ती मागे टाकली होती, आणि या नातेवाइकाचा संसार तिच्या जोरावर उभा राहिला. देणाऱ्याला पत्ता नाही, घेणारा मात्र आजवर ऋण मानतोय. त्या सायकलीपाशी अरुळ जसा खजील होतो, तसं खजील होणं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

आमचं घराणं मूळ तंजावूरचं. मराठी माणसाला तंजावूर म्हटलं की व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय एवढंच आठवतं. चित्रपट त्या वाटेला जातच नाही, आणि तेच बरं. फक्त एक सांगते: नीडामंगलमला मराठा राजवटीतलं यमुनाम्बाळ छत्रम आहे, वाटसरूंच्या जेवणा-निवाऱ्यासाठी बांधलेलं. अनोळखी पाहुण्याला वाढण्याची गोष्ट नेमकी त्याच गावात घडते, याचं मला अप्रूप वाटलं.

उत्तरार्धात कार्तीला भाषणं जरा जास्तच दिलीत. लांबीची ओरड झाल्यावर प्रदर्शनानंतर सुमारे १८ मिनिटं कापली गेली. काही लांबण गेली हे खरं, पण अशा चित्रपटात रेंगाळणं हाच जीव असतो. दिग्दर्शकानं एवढी घाई करायला नको होती.

बघणार असाल तर डब केलेला नको. तमीळच लावा, खाली उपशीर्षकं ठेवा. कार्तीचं ते ‘अत्तान’ कानावर पडायलाच हवं.