विमान कंपनी बुडाली, तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे?

ग्राहकांच्या हक्कांवरचा आमचा मागचा कार्यक्रम ऐकून वरोऱ्याजवळच्या एका गावातून एका ताईंचा फोन आला होता. घरी लग्न होतं, म्हणून पुण्याच्या लेकी-जावयाला नागपूरपर्यंतची विमानाची तिकिटं त्यांनीच काढून दिली होती. बचत गटातून उचललेले पैसे होते. विमानाचा दिवस यायच्या आधीच कंपनीने गाशा गुंडाळला. ताईंनी विचारलं, "केस टाकली तर पैसे भेटतील का?"

या एका प्रश्नावर आज सगळा वेळ घालवायचा, असं आम्ही ठरवलं. विमान म्हटलं की ते मोठ्या लोकांचं, असं अजूनही कुणाला वाटत असेल, तर आपल्या ओळीतल्या चार घरांत विचारून बघा. पोरं पुण्या-बंगळुरात नोकरीला आहेत, आणि नागपूरचा विमानतळ आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. लग्न, बाळंतपण, मयत, अशा वेळी रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, मग मोबाइलवर विमानाचं तिकीट निघतं.

आपल्याकडे अलीकडच्या वर्षांत दोन मोठ्या विमान कंपन्या अशा बंद पडल्या. दोन्हींचा कारभार मुंबईतून चालायचा. जेट एअरवेज १९९३ पासून उडत होती. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उडालं. दुसरी गो फर्स्ट, जिला आपण आधी गो एअर म्हणायचो, वाडिया समूहाची. २ मे २०२३ ला ती स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज घेऊन दिल्लीच्या न्यायाधिकरणात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमानं थांबली. ऐन लग्नसराई, ऐन उन्हाळ्याची सुट्टी. अमेरिकी कंपनीची इंजिनं वारंवार बिघडल्यामुळे निम्मी विमानं जमिनीवर बसली, असं तिचं म्हणणं होतं. सुरुवातीला विमानं दोन-तीन दिवसांपुरतीच रद्द असल्याचं सांगितलं. मग आठवडा झाला, मग महिना. लोक वाट बघत राहिले. वाट बघण्यात काय गेलं, ते पुढे सांगतो.

आता केसचं. आपल्याला माहीत असलेली वाट ग्राहक आयोगाची, आणि चालू असलेल्या कंपनीविरुद्ध ती चांगली वाट आहे. चंद्रपूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण कंपनी दिवाळखोरीत गेली की दुसरा कायदा आडवा येतो. तो आहे २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता. तिच्या १४ व्या कलमात लिहिलंय, की न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की त्या कंपनीविरुद्ध नवा दावा घालता येत नाही, चालू असलेला पुढे नेता येत नाही, आणि आधीच जिंकलेल्या निकालाची वसुलीसुद्धा करता येत नाही. याला स्थगिती म्हणतात. गो फर्स्टला ती १० मे २०२३ ला लागली, जेटला २० जून २०१९ ला. देशभरच्या ग्राहक आयोगांत या कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी होत्या. आयोगांनी त्या थांबवून ठेवल्या, नाहीतर तिकडे जाऊन आपलं येणं नोंदवा म्हणून निकाली काढल्या.

हे ऐकून राग येतो. आम्हालाही आला. पण यामागचा विचार आपल्या कापसाच्या बाजारातून लगेच कळतो. समजा एक व्यापारी बुडाला. त्याच्याकडे दोनशे शेतकऱ्यांचे पैसे आहेत, बँकेचं कर्ज आहे, हमालांची मजुरी आहे. गोदामात थोड्या गाठी शिल्लक आहेत. ही बातमी कळल्याबरोबर ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, दोन पोरं धडधाकट आहेत, तो रात्रीच गाठी उचलून नेईल. एकट्या बाईच्या वाट्याला सकाळी रिकामं गोदाम. म्हणून कायदा म्हणतो, गोदामाला कुलूप लावा, कुणीच काही उचलू नका, कुणाचं किती ते कागदावर मांडा, मग वाटप करू. या विचारात चूक नाही.

आमचा आक्षेप आहे तो वाटपाच्या रांगेवर. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर ५३ व्या कलमात आठ पायऱ्या दिल्यात. पहिला मान या सगळ्या प्रक्रियेच्या खर्चाचा. मग कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका, हे एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा वर्षभराचा पगार. त्यानंतर बिनतारणी कर्ज देणारे. मग मुख्यतः सरकारी कर. आणि मग सहाव्या पायरीवर 'उरलेली इतर देणी'. तिकीट घेतलेला प्रवासी तिथे उभा असतो. त्याच्या खाली फक्त शेअर घेतलेले लोक. कामगार आपल्या वर आहेत याबद्दल आमची तक्रार नाही. जेटच्या माणसांनी तर कित्येक महिने पगाराविना काढले. पण वरच्या पाच पायऱ्यांवर पैसे संपले, तर सहावीवर काही येत नाही.

आणि विमान कंपनीच्या गोदामात असतं तरी काय? विमानं तिची नसतात, भाड्याची असतात. गो फर्स्टची ५४ विमानं त्यांच्या मालकांना परत नेता यावीत, म्हणून त्यांची इथली नोंदणी रद्द करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला दिला. बुडालेल्या व्यापाऱ्याच्या दारातला ट्रकसुद्धा भाड्याचा निघावा, तसं. २० जानेवारी २०२५ ला न्यायाधिकरणाने गो फर्स्ट मोडीत काढायला सांगितली. जेट पुन्हा सुरू करायची योजना मंजूर झाली होती, ती वर्षानुवर्षं रखडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तीही मोडीत काढली. एप्रिल २०१९ मधल्या तिकिटाची गोष्ट साडेपाच वर्षांनी इथवर आली.

या काळात निर्णय कोण घेतं? बँका. कर्ज देणाऱ्यांची एक समिती बसते, मत तिलाच असतं. प्रवाशाला तिथे मत नाही. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फ्लॅटसाठी आगाऊ पैसे भरून बसलेल्या लोकांनाही आधी या समितीत जागा नव्हती. ते एकत्र आले, कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये कायदा बदलून त्यांना कर्ज देणाऱ्यांचा दर्जा मिळाला, समितीत मत मिळालं. फ्लॅटवाल्याने आगाऊ पैसे दिले, प्रवाशानेही आगाऊच दिले. फरक एवढाच, की फ्लॅटवाले एका इमारतीचे असतात, एकमेकांना शोधू शकतात. प्रवासी देशभर विखुरलेले, आणि प्रत्येकाचे पाच-दहा हजार.

इंग्लंडमध्ये यावर वेगळा उपाय आहे. तिथे सहलीचं पॅकेज विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरावे लागतात. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही जुनी कंपनी एका रात्रीत बुडाली, तेव्हा परदेशात अडकलेल्या दीड लाखाच्या आसपास लोकांना तिथल्या सरकारी यंत्रणेने घरी आणलं, आणि पुढच्या सहलींचे पैसे त्या निधीतून परत मिळाले. (आपल्याकडची त्या नावाची कंपनी वेगळ्या मालकीची, ती बुडाली नाही.) आपल्याकडे विमानाच्या तिकिटावर इतके कर आणि शुल्कं लागतात, पण असा निधी नाही. तो असायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

मग करायचं काय? पहिलं काम आपलं येणं नोंदवायचं. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीचा कारभार एका नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. तो जाहीर नोटीस काढतो, दावे मागवतो, मुदत देतो. ही नोटीस कंपनीच्या कार्यालयाच्या गावातल्या वर्तमानपत्रात येते, म्हणजे वरोऱ्याच्या घरात ती दिसायची नाही. पण ती कंपनीच्या आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही असते. तिथला नमुना भरायचा, तिकीट आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडायचा, ईमेलने पाठवायचा. खर्च काही नाही. कॉलेजात जाणारं घरातलं पोरगं हे एका संध्याकाळी करून देईल. कंपनी मोडीत काढायचं ठरलं, तर पुन्हा नव्याने दावे मागवतात, तेव्हा ३० दिवसांची मुदत असते. "इतक्या खालच्या पायरीवर आहोत तर कशाला?" असं म्हणून सोडू नका. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की कंपनी वाचवायची योजना एकदा मंजूर झाली की त्या योजनेत नसलेलं येणं संपतं. नोंदच नाही, तर योजनेत यायचं कुठून?

दुसरं, आणि आमच्या मते जास्त उपयोगाचं: स्थगिती फक्त त्या कंपनीला लागते. मधल्या लोकांना नाही. तिकीट कार्डाने काढलं असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा, की सेवा मिळाली नाही, व्यवहार उलटवा. याला चार्जबॅक म्हणतात. मिळेलच असं नाही, पण मिळाले तर रांगेबाहेर मिळतात. मात्र याची मुदत महिन्यांत मोजतात, वर्षांत नाही. "विमान पुढच्या आठवड्यात उडेल" म्हणून वाट बघणाऱ्यांचं हेच नुकसान होतं. विमान रद्द झालं त्याच आठवड्यात बँकेला पत्र गेलं पाहिजे.

एजंटकडून किंवा तिकिटं विकणाऱ्या ॲपवरून घेतलं असेल, तर त्यांच्याविरुद्ध चंद्रपूरच्या आयोगात तक्रार करता येते, कारण ते दिवाळखोर नाहीत. काही आयोगांनी अशा विक्रेत्यांना पैसे द्यायला लावले, काहींनी नुसता मध्यस्थ म्हणून सोडून दिलं. त्यांनी पैसे पुढे कंपनीला पोचवले होते की नाही, आपलं कमिशन वेगळं घेतलं होतं का, यावर बरंच ठरतं. म्हणून एजंटला आधी लेखी विचारा. चौकातल्या ओळखीच्या एजंटशी भांडायच्या आधी हेही लक्षात असू द्या, की त्याचे स्वतःचे आगाऊ भरलेले पैसेही अडकलेले असू शकतात. कंपनीच्या संचालकांना वैयक्तिक दाव्यात ओढून तिकिटाचे पैसे काढणं मात्र फार अवघड. त्यासाठी वकिलावर खर्च करू नये.

ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची. स्थगितीत गेलेला काळ त्या कंपनीविरुद्धच्या मुदतीत धरत नाहीत, पण एजंट किंवा ॲपविरुद्ध ही सूट नाही, तिथे दोन वर्षं चालूच राहतात. कंपनी मोडीत काढायचा आदेश झाल्यावरही तिच्याविरुद्ध नवा दावा घालता येत नाही.

तिकिटाचा ईमेल, विमान रद्द झाल्याचा संदेश, पैसे गेल्याचं बँकेचं पान, एजंटची पावती, हे सगळं त्याच दिवशी एका फाइलमध्ये घाला. मोबाइल बदलला की जुने संदेश जातात, म्हणून छापूनच ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.