घटनाबाह्य कायदा रद्द करण्याचा अधिकार कोणाला? देशोदेशींच्या चार पद्धती

चेन्नई : राज्यघटना लागू होऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, २७ जुलै १९५० रोजी मद्रास उच्च न्यायालयाने राज्य सरकारचा एक आदेश घटनाबाह्य ठरवला. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागा समाजनिहाय वाटून देणारा हा आदेश होता. चंपकम दोराईराजन यांच्या याचिकेवरील हा निकाल सर्वोच्च न्यायालयानेही ९ एप्रिल १९५१ रोजी कायम केला. मात्र, नागरिकाने थेट उच्च न्यायालयात जावे आणि त्या न्यायालयाने कायदाच रद्द करावा, ही सोय सर्व देशांत नाही.

भारतात या अधिकाराचा आधार राज्यघटनेतच आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा अनुच्छेद १३ नुसार रद्दबातल ठरतो. सरकारी आदेशही त्यात मोडतात. दाद मागण्यासाठी अनुच्छेद ३२ आणि २२६ हे मार्ग आहेत. अमेरिकेच्या घटनेत असा स्पष्ट उल्लेख नाही. तेथे ‘मारबरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात १८०३ मध्ये न्यायालयानेच घटनेचा अर्थ लावून हा अधिकार प्रस्थापित केला.

जर्मनीत संसदेने केलेला कायदा सामान्य न्यायालय रद्द करू शकत नाही. त्याला सुनावणी थांबवून तो प्रश्न कार्ल्सरूहे येथील संघीय घटना न्यायालयाकडे पाठवावा लागतो. फ्रान्समध्ये घटना परिषद कायदा अमलात येण्यापूर्वीच तो तपासते. लागू असलेल्या कायद्याला आव्हान देण्याची मुभा पक्षकारांना २०१० पासून मिळाली. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे. तेथील न्यायालय १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानुसार केवळ विसंगती जाहीर करते. संसदेने बदल करेपर्यंत कायदा लागूच राहतो.

निकालानंतर काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मद्रासच्या निकालानंतर संसदेने जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५(४) समाविष्ट केला आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा केला. घटनादुरुस्तीलाही मर्यादा आहेत, हे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात स्पष्ट झाले. जर्मनीत अशी मर्यादा घटनेतच लिहिलेली आहे. भारतात ती न्यायालयाने ‘मूलभूत संरचना’ या तत्त्वातून घातली.

तमिळनाडूतील ६९ टक्के आरक्षणाचा कायदा १९९४ मध्ये नवव्या अनुसूचीत गेला. महाराष्ट्राच्या मराठा आरक्षण कायद्याला हे कवच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो ५ मे २०२१ रोजी रद्द केला. तथापि, हे कवचही अभेद्य नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदेही मूलभूत संरचनेच्या कसोटीवर तपासता येतील, असा निर्वाळा नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ जानेवारी २००७ रोजी दिला. तो खटलाही तमिळनाडूतूनच आलेला होता.