करवतीची साखळी

शनिवारवाड्याच्या उभारणीस १७३० साली आरंभ झाला तेव्हा जुन्नरच्या अरण्यातून साग आला, चिंचवडच्या खाणींतून दगड आला आणि जेजुरीहून चुना आला, हे पुण्यातल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या सागाच्या ओंडक्यांतून तुळया, खांब आणि फळ्या काढणारे जे कारागीर, एक ओंडक्यावर उभा राहून व दुसरा त्याच्या खाली, भुशाची धार तोंडावर झेलीत, दिवसेंदिवस एकच लांब करवत खालीवर ओढीत राहिले, त्यांची आठवण वाडा पाहावयास आलेल्यांपैकी क्वचितच कोणास होते. १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकूडकाम जळाले. ज्या करवतींनी ते घडविले त्या तर त्यापूर्वीच झिजून भंगारात गेल्या असतील. वास्तूचा इतिहास आपण आवर्जून लिहितो, हत्याराचा लिहीत नाही. म्हणूनच हत्यारे जमविण्याचा छंद ज्या थोड्या माणसांनी आयुष्यभर जोपासला, त्यांचे ऋण मला फार मोठे वाटते.

त्याच वाड्यापासून पायी थोड्या अंतरावर, कुंभारवेशीच्या बाजूस, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तेथे एका रविवारी, गंजलेले पान्हे, किल्ल्या हरवलेली कुलुपे आणि पितळी तोट्या यांच्या पसाऱ्यात, पाते आणि साखळी दोन्ही गमावलेली एक पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत मला आढळली. “साहेब, झाड कापायचं मशीन आहे, दोरी ओढून बघा,” असे विक्रेता म्हणाला. दोरी न ओढता मी तिची मूठ धरून यंत्र तसेच अधांतरी उचलले, तेव्हा ते धाडकन खाली न येता, अंतराअंतराने श्वास घेतल्यासारखे थांबत, हळूहळू दोरीवरून उतरू लागले. दट्ट्या आणि त्याच्या कड्या शाबूत असतील तर सिलिंडरात कोंडलेली हवा यंत्राचा भार असा सावरून धरते, आणि त्या झिजलेल्या असतील तर यंत्र एकदम घसरते. जुन्या साखळी-करवती जमविणारा संग्राहक, मग तो अमेरिकेतला असो वा जर्मनीतला, खरेदीपूर्वी प्रथम हीच परीक्षा घेतो. सौदा तिथेच ठरला.

या यंत्राचे मूळ शोधू गेले असता वाट अरण्यात न जाता सूतिकागृहात आणि शस्त्रवैद्याच्या खोलीत जाते, ही गोष्ट प्रथम ऐकणारास चकित करते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश वैद्यांनी, अडलेल्या बाळंतिणीच्या कटिबंधाचा सांधा मोकळा करण्यासाठी आणि रोगट हाड काढून टाकण्यासाठी, दोन्ही टोकांस मुठी असलेली दातेरी साखळी योजिली, कारण ताठ करवत जेथे शिरू शकत नाही तेथे साखळी वळसा घालून पोहोचते. १८३० च्या सुमारास व्यूर्त्सबुर्गच्या बर्नहार्ड हाइने याने ती साखळी एका पात्याभोवती बसवून हाताच्या दांड्याने फिरती केली. पात्याच्या कडेने अखंड धावणारे दाते ही कल्पना येथे पूर्ण झाली; उणीव होती ती केवळ मनुष्यबळाहून मोठ्या शक्तीची.

ती शक्ती विसाव्या शतकात मिळाली. १९२६ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंद्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. पुढल्याच वर्षी एमिल लेर्प याने थुरिंगियातील डोलमार पर्वतावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखविली आणि त्या पर्वताचेच नाव आपल्या कारखान्यास दिले. १९२९ मध्ये श्टीलचेही पेट्रोलचे यंत्र आले. हे आरंभीचे जिन्नस म्हणजे दोघा माणसांनी दोन टोकांस धरून वाहावयाचे अवजड ओझे होते. ओंडक्यावर एक आणि खाली एक अशी जी जोडी शतकानुशतके चालत आली होती, ती यंत्र आले म्हणून मोडली नाही. फक्त आता त्या दोघांच्या मध्ये एक इंजिन गर्जत होते.

यंत्राला बळ आले, परंतु दात मात्र जुनेच राहिले. हातकरवतीचे दाते सरळ उभे असतात. सुतार त्यांतला एक डावीकडे आणि एक उजवीकडे कलता करतो, म्हणजे खाच पात्याहून किंचित रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. धोतराच्या वा साडीच्या करवतकाठी किनारीत जी दातेरी टोके दिसतात, ती या दात्यांचीच रूपे. हे दाते लाकूड ओरबाडीत जात, वारंवार बोथट होत, आणि यंत्राच्या वेगापुढे तर त्यांची धार फारच लवकर मरे. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉनच्या जंगलात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याचे लक्ष एका बुंध्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीकडे गेले. ती अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे लाकूड सोलीत, रेषेच्या बाजूने आणि रेषेला आडवेही, सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. त्या जबड्याचा घाट कॉक्सने पोलादात उतरविला. आजच्या साखळीचा एक तुकडा तळहातावर घेऊन पाहावा: प्रत्येक दाता नखासारखा वरून आत वळलेला, एक डाव्या अंगाचा तर पुढचा उजव्या अंगाचा, आणि प्रत्येकापुढे एक ठेंगणा उंचवटा, जो दात्याला एका वेळी फक्त पातळ सालीएवढेच लाकूड घेऊ देतो. हा दाता लाकूड ओरबाडीत नाही, रंध्याप्रमाणे तासतो. म्हणून त्याच्या मागे पीठ पडत नाही, टवके पडतात. गोल कानशीने, प्रत्येक दात्यावर मोजून तितकेच हात देत, त्याला धार लावावी लागते. एका बाजूस दोन हात अधिक पडले तर करवत सरळ न जाता वाकडी चालू लागते.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९४९ मध्ये अमेरिकेतील मॅककुलोकची सुमारे २५ पौंड वजनाची, एका माणसाने चालवावयाची करवत बाजारात आली आणि १९५९ मध्ये श्टीलची काँट्रा आली, जिच्यात मधली दंतचक्रे काढून इंजिनाची गती सरळ साखळीला दिली होती. आधीच्या यंत्रांचा कार्ब्युरेटर सरळ उभा ठेवावा लागे, तिरपा झाला की इंजिन गुदमरे. त्यात रबरी पडदा आल्यावर करवत आडवी, तिरपी, उलटी, कशीही धरता येऊ लागली. परंतु जंगलात दिवसभर ती हाती धरणाऱ्यांची बोटे कंपनाने पांढरी आणि बधिर पडू लागली, आणि मग १९६० च्या दशकात कंपन शोषणाऱ्या मुठी व पुढे १९७० च्या दशकात यंत्र उसळताच साखळी थांबविणारा ब्रेक या सुधारणा झाल्या. जाणता संग्राहक जुन्या यंत्राकडे पाहून हा सारा क्रम वाचतो. मुठीखाली रबर आहे की नाही, हातापुढे ब्रेकचा दांडा आहे की नाही, एवढ्यावरून त्याला यंत्राचा काळ कळतो आणि त्या काळी कामगाराच्या हाताची किती पर्वा होती, याचाही दाखला मिळतो.

असे यंत्र पुन्हा जिवंत करण्याच्या कामी पुण्यासारखे शहर शोधून सापडणार नाही. आकुर्डीत घडलेल्या चेतकसारख्या दुचाक्यांवर ज्या शहराच्या दोन पिढ्या वाढल्या, पेट्रोलात तेल मिसळून देणारे पंप ज्याने अनेक वर्षे पाहिले, त्या शहरातील स्कूटर-कारागिरास हे टू-स्ट्रोक इंजिन परके नाही. माझे यंत्र एका वृद्ध कारागिराने उघडले, चुंबकचक्राखालचे पॉइंट घासून ठिणगी पाहिली, दगडासारखा कडक झालेला कार्ब्युरेटरचा पडदा बदलला, आणि म्हणाला, “साहेब, ही तर चेतकची धाकटी बहीण.” चौथ्या ओढीस ते इंजिन बोलू लागले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद फाकला, तो यंत्र विकत घेणाऱ्याच्या आनंदाहून थोर होता.

संग्रहाचा हा धर्म पुण्याला दिनकर गंगाधर केळकरांनी शिकविला. १८९६ साली जन्मलेले, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे आणि चष्म्याचा व्यवसाय करणारे केळकर, पत्नी कमलाबाईंच्या साहाय्याने, मुलूखभर हिंडून अडकित्ते, दिवे, कुलुपे, दौती, वज्री असे जिन्नस गोळा करीत राहिले, ज्यांना घरोघर अडगळ म्हणत. अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी आपल्या संग्रहालयास दिले आणि वीस हजारांच्या घरात गेलेला तो संग्रह अखेर शासनाच्या हवाली केला. आंद्रेआस श्टीलचाही जन्म १८९६ चाच. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांपैकी एकाने माणसाच्या खांद्यावरचा भार हलका करणारे हत्यार घडविले, आणि दुसऱ्याने, हत्यार जुने झाले म्हणून माणसाचा हात विसरू नये, हे शिकविले. बाजीराव रस्त्यावरच्या त्या दालनांत अडकित्त्यासारखे सुपारी कातरण्याचे साधन ज्या आदराने मांडले आहे, त्या आदरास करवतही पात्र आहे, आणि साखळी-करवतही.

वृक्षाचा घात करणारे यंत्र आदराने का जतन करावे, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्त आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्याच भाषेतली. परंतु तोडीस मर्यादा घालण्याची परंपराही आपलीच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे असे सांगितले, मात्र आंबा-फणसास हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावले. आणि एखादे झाड जीर्ण झालेच तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊनच ते तोडावे, अशी वाट दाखविली. आज शहरातले झाड तोडावयाचे तर १९७५ च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यामागे तोच विवेक आहे. आणि पावसाळ्याच्या रात्री रस्त्यावर गुलमोहर उन्मळून पडतो, खाली वाहन सापडते, तेव्हा अग्निशमन दलाचा जवान हीच करवत घेऊन धावतो. हत्यार निर्दोषही नसते आणि अपराधीही नसते. ते ज्याच्या हाती होते त्याच्या काळाची ते साक्ष देते, आणि साक्षीदाराला जपणे हे न्यायाचेच काम आहे.

ते यंत्र आता माझ्या घरी, आजोबांच्या हातकरवतीशेजारी, फडताळावर आहे. इंजिन चालते, परंतु त्यावर मी साखळी चढविलेली नाही. आजोबांच्या करवतीच्या शिसवी मुठीत अंगठा टेकण्याच्या जागी खळगा पडला आहे. यंत्राच्या पुढल्या मुठीवरचा काळा लेप, डावा तळहात जेथे घट्ट बसतो, नेमका तेवढाच झिजला आहे. शनिवारवाड्याच्या तुळया पाडणाऱ्यांच्या मुठी आपल्याला आता पाहावयास मिळणार नाहीत. या दोन मात्र आहेत, आणि त्यांवरची धूळ मी फडक्याने पुसतो तेव्हा त्या झिजलेल्या जागांवरून हात जरा सावकाश फिरवितो.