सरोवराभोवतीची वाट : लोणार, प्रदक्षिणा आणि न ओलांडायची रेषा

(अनसिंग येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी आपण 'रस्ता' आणि 'वाट' यांत फरक काय, इथवर येऊन थांबलो होतो. रस्ता कुणीतरी बांधतो, वाट पडते, एवढे आपण बोललो. आज त्याच विषयाचा पुढचा भाग. वाट जेव्हा कुठेच जात नाही, एखाद्या पाण्याभोवती फिरून निघाल्या जागी परत येते, तेव्हा ती चालण्यात मिळते काय?

आपल्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. अनसिंगहून सकाळी निघालो, वाशीम, रिसोड करत गेलो, की ऊन चढायच्या आत आपण लोणारला. तुमच्यापैकी निम्मे तरी जाऊन आलेले असणार. पण हात वर करायला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न अवघड आहे. तुम्ही लोणार पाहिलेत, की लोणारभोवती चाललात? बहुतेक जण वरून बघतात, फोटो काढतात, दैत्यसूदनाचे देऊळ करतात आणि परततात. यात चूक काही नाही. पण वरून दिसते ते चित्र असते. सरोवर समजायचे तर त्याला फेरी घालावी लागते.

दोन प्रकारची सरोवरे

जगात ज्या सरोवरांभोवती माणसे हौसेने चालतात, त्यांतली पुष्कळशी हिमनदीने कोरलेली आहेत. हिमनदी म्हणजे स्थिर बर्फ नव्हे. ती अतिशय सावकाश वाहते, आणि तिच्या पोटात अडकलेले दगडगोटे खालच्या खडकाला सुताराच्या रंध्यासारखे तासत जातात. खोलगट वाडगा तयार होतो. पुढे हवा तापते, बर्फ मागे सरतो आणि त्या वाडग्यात पाणी साठते. हिमनदीने तोंडाशी आणून टाकलेला दगडमातीचा ढीग पुष्कळदा बांधाचे काम करतो. काश्मीरचे गंगाबल, गढवालातले रूपकुंड, आल्प्समधली कितीतरी तळी अशीच झाली. त्यांचे पाणी निळे-हिरवे का दिसते? हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ त्यात तरंगत असते म्हणून. म्हणजे तिथे जाते निसर्गाचे, आणि दळण हजारो वर्षांचे.

लोणारचा वाडगा मात्र क्षणात झाला. आकाशातून आलेला एक दगड आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, खड्डा त्या मानाने कालपरवाचा. किती कालपरवाचा, यावर मात्र पद्धतीप्रमाणे उत्तर बदलते. तप्तदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आली, आर्गॉनच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे नीट मोजलेले आहेत, आणि तरी त्यांत दसपटीचे अंतर आहे. विज्ञानात असे होते, त्याने घाबरून जाऊ नये.

आम्ही चुकीचे शिकलो, चुकीचेच सांगितले

आम्ही शाळेत होतो तेव्हा लोणार म्हणजे ज्वालामुखीचे मुख, असेच ऐकत होतो. पुढे कॉलेजात शिकवू लागलो तेव्हा पहिली काही वर्षे आम्हीही वर्गात अगदी ठासून तेच सांगितले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद घेतली, तेव्हापासून दीडशे वर्षे हा वाद चालू होता. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने त्यांच्याकडच्या ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचे साम्य दाखवले होते. पण पक्का पुरावा प्रसिद्ध झाला तो १९७३ मध्ये. विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले. खडकातले स्फटिक प्रचंड आघाताने दबून त्यांची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा आघात नसतो.

आता आमची चूक कोणत्या जातीची होती, ते बघा. आपल्या न्यायशास्त्रात तिला नाव आहे : सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजेच अनैकांतिक हेतू. आमचे अनुमान असे होते, की हा खड्डा गोल आहे, काळ्या दगडात आहे, म्हणून ज्वालामुखीचा आहे. पण गोलपणा ज्वालामुखीच्या मुखाला असतो आणि उल्केच्या खड्ड्यालाही असतो. जो हेतू दोन्ही घरी जेवतो, त्याची साक्ष काय कामाची? धूर पाहून अग्नीचे अनुमान चालते, कारण अग्नी नाही तिथे धूर आढळत नाही. गोलाईचे तसे नाही.

आणि गंमत म्हणजे, काठावरून एक फेरी डोळे उघडे ठेवून मारली असती तर शंका यायला जागा होती. विवराची कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. आपल्या भागात कातळाचे थर कसे असतात? पोळ्यांच्या चवडीसारखे, आडवे. लोणारच्या कडेला हेच थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी तर उलटेही झालेले आहेत. कुणीतरी मधे जोरात ठोसा मारावा आणि कडा उचकटून बाहेर वळाव्यात, तसे. विवराच्या बाहेर दूरवर फेकलेला दगडमातीचा चुराही आहे. हे सगळे पायांखाली होते, आणि आम्ही पुस्तक वाचून शिकवत होतो.

वरची फेरी, खालची फेरी

लोणारला दोन फेऱ्या आहेत. वरची, कडेकडेने. व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे परीघ साडेपाच किलोमीटरच्या थोडा वर. खालची, पाण्याच्या काठाने. पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर धरला तर पावणेचार किलोमीटर होतात. आकडा लहान वाटतो, पण खाली झाडी आहे, चिखल आहे, आणि उतरलेले सगळे पुन्हा चढायचे आहे.

उतरताना धार लागते. कडेतून बारमाही गोडे पाणी पडते, लोक तिथे स्नान करतात. पाऊणशे वर्षांच्या माणसालाही तिथे थांबून हातपाय धुवावेसे वाटतात. तिथून खाली उतरा, आणि हेच गोडे पाणी ज्या तळ्याला जाऊन मिळते ते खारे आणि अल्कधर्मी! त्याचा सामू दहाच्या आसपास. कारण साधे आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेते आणि क्षार मागे राहतात. शेकडो पिढ्या हा हिशेब चालू आहे. जवळच कमळजादेवीचे देऊळ आहे, आणि तिथली सासू-सुनेची विहीर तर प्रसिद्धच. एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट, असे लोक सांगतात. त्यातली सासू कोणती ते तुम्ही ठरवा, आम्ही घरी जेवायचे आहोत.

२०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले, आठवते ना? टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांनी मोबाइलवर नाना तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटले, खारेपणा वाढला, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव बळावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. पुढच्या वर्षांत उलटे झाले, पाणी वाढले आणि काठाची वाट जागोजागी बुडाली. म्हणजे खालची फेरी कायमची आखलेली नाही. पाणी तिची जागा दरवर्षी ठरवते.

फेरीचा अर्थ

आता आमच्या विषयाकडे वळतो. फ्रेडरिक नीत्शे नावाचा प्राध्यापक १८७९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बाझेलच्या विद्यापीठातून निवृत्त झाला. वय अवघे चौतीस. दोन वर्षांनी, १८८१ च्या ऑगस्टात, तो स्वित्झर्लंडमधल्या सिल्वाप्लाना सरोवराच्या काठाने चालत होता. आल्प्समधले, हिमनदीच्या खोऱ्यातले हे सरोवर. सुरलेजजवळ पिरॅमिडसारख्या उभ्या खडकापाशी तो थांबला, आणि तिथे त्याला शाश्वत पुनरावर्तनाची कल्पना सुचली. हेच आयुष्य, असेच्या असे, पुन्हा पुन्हा जगावे लागणार असेल तर तू त्याला हो म्हणशील का? असा तो प्रश्न. कल्पना सरोवराच्या वाटेवर सुचावी, हे आम्हाला सहज पटते. अशा वाटेवर समोरचा काठ सतत दिसत असतो. जिथून आलो ते आणि जिथे जाणार ते, दोन्ही एकाच नजरेत येते.

पण नीत्शेला जे ओझे वाटले, ते आपल्या आजीला रोजचे होते. तुळशीभोवती, पिंपळाभोवती, देवाभोवती ती फेऱ्या घालतच होती. प्रदक्षिणेत आपण कुठे पोचत नाही. मधे जे आहे त्याला उजव्या हाताला ठेवून, त्याच्यावर चालून न जाता, त्याच्या सगळ्या बाजू बघत आपण फिरतो. केंद्राला हात न लावता त्याला जाणून घ्यायची ही रीत आहे. लोणारला तर याचा जुना संदर्भही आहे. चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत, आणि महानुभावांनी अटनाला, म्हणजे फिरत राहण्याला, साधनाच मानले.

एक प्रश्न आणि आमची अडचण

व्याख्यानाआधी इथल्या एका तरुणाने आम्हाला गाठले. म्हणाला, "सर, खाली सरोवराभोवती पक्का सिमेंटचा रस्ता करून टाकला, बसायला बाक टाकले, तर तुमच्यासारख्यांनाही फिरता येईल. मग का करू नये?"

प्रश्न रास्त आहे, आणि आम्हाला तो लागला, हे कबूल करतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही धारेपर्यंत गेलो आणि गुडघ्याने तिथेच नाही म्हटले. बरोबरची मंडळी खाली गेली. आम्ही दोन तास पायरीवर बसून खाली पाणी बघत होतो. खालची फेरी आता आपल्या नशिबी नाही, हे त्या दिवशी कळले. मग तो रस्ता झाला तर आमचाच फायदा नाही का?

आहे. तरी आम्ही नको म्हणतो. तो काठ म्हणजे नुसती जमीन नव्हे. तिथला चिखल, त्यातले जीव, त्यावर येणारे पक्षी, झाडीतले मोर आणि घोरपडी, हे सगळे मिळून ते सरोवर आहे. म्हणून तर त्याला अभयारण्याचा दर्जा आहे. पाणी मागेपुढे होते तेव्हा काठही मागेपुढे होतो. सिमेंट मागेपुढे होत नाही. शिवाय बसाल्टमध्ये उल्केने पाडलेली विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत, आणि चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारेही इथे येतात. पुरावा पायांखाली असताना आम्ही तो एकदा दुर्लक्षिला. आता तो सिमेंटखाली गाडायचा का?

यावर उपाय आपल्याच देवळात आहे. विष्णूला पूर्ण प्रदक्षिणा घालतात. महादेवाला कशी घालतात? जलधारीच्या पन्हळीपर्यंत जायचे, ती ओलांडायची नाही, आणि आल्या वाटेने परत फिरून दुसऱ्या बाजूने पन्हळीपर्यंत यायचे. तिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. ती अर्धी दिसते, पण मोजताना पूर्ण धरतात. पुढे जाता येत असताना न जाणे, हा त्या विधीचाच भाग आहे.

सरोवराची वाट अशी असावी. वरच्या कडेची फेरी सोपी करा, सावली करा, कललेले थर दिसतात तिथे मराठीत चार ओळींची पाटी लावा. म्हातारी माणसे आणि कुबडीवर चालणारी मुले तिथे सुखाने फिरोत. खाली मातीची अरुंद वाट राहू द्या. पाणी जिथे वाट अडवेल, पक्षी जिथे घरटी करतील, तिथे पन्हळ आली असे समजून मागे फिरा. त्याला अपुरी फेरी म्हणू नका.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, की तुझे पाय चांगले आहेत, तू खाली जाऊन ये आणि काय दिसले ते आम्हाला सांग. आम्ही वर धारेपाशी बसतो. तो येत्या रविवारी जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला बरोबर जायचे असेल तर त्याच्याशी बोला. पाण्याची बाटली न्या, आणि रिकामी झाली तरी ती परत आणा.